हवा आत आली, पुढे काय?

वेगवान गाडी लोक समोरून न्याहाळतात. जाळी केवढी, तोंड केवढं उघडं, यावरून इंजिन किती गार राहत असेल याचा अंदाज बांधतात. शर्यतीच्या गाड्या बांधणारा माणूस मात्र आधी वाकून मागची बाजू बघतो. रेडिएटरमधून तापून निघालेली हवा जाते कुठे, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. एकच खिडकी असलेल्या खोलीत वारा खेळत नाही, तसंच हे. आतबाहेर दाबाचा फरक नसेल तर तोंड कितीही मोठं करा, हवा दारातच तुंबते आणि गाडीला वळसा घालून निघून जाते. रेडिएटर उभ्याचा तिरपा झाला, नाकातून कुशीत सरकला, एकदा तर इंजिनावर आडवा झोपला. या साऱ्या खटाटोपात जागेची अडचण होतीच, पण खरी शोधाशोध बाहेरच्या वाटेची होती, असं मला वाटतं.

तिरपेपणाचा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. नाकात उंचीला ४० सेंटिमीटर जागा असेल तर उभा रेडिएटर तेवढाच बसतो. ४५ अंशांनी कलवला की सुमारे ५७ सेंटिमीटरचा मावतो, ६० अंशांनी कलवला की थेट ८०चा. क्षेत्रफळ वाढलं की तेवढीच हवा जाळीतून हळू जाते, अडथळा कमी होतो आणि उष्णता उचलायला तिला सवड मिळते. बॉनेटही खाली आणता येतं. पण फुकट काही नाही. हवा पात्यांमध्ये शिरताना वळते आणि कल जितका जास्त, तितकं हे वळण महागात पडतं. शिवाय कोपऱ्यात बोटभर फट राहिली तरी हवा जाळी सोडून तिथूनच पळते. म्हणून जाणकार मेकॅनिक मोठा रेडिएटर सुचवण्याआधी फोमच्या पट्ट्या आणि पत्रा घेऊन फटी बुजवत बसतो. काम कंटाळवाणं आहे, पण गुण येतो.

हे शहाणपण मुळात विमानांकडून आलं. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवलं, की हवा आधी रुंदावत्या नळीत मंद करायची, रेडिएटरमधून तापवायची आणि अरुंद तोंडातून वेगाने मागे सोडायची. मग थंड करण्यापायी होणारी ओढ बऱ्याच अंशी भरून निघते. पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचा फुगवटा तो हाच. त्याचं मागचं दार हवं तसं कमी-जास्त उघडता येत असे.

फॉर्म्युला वनमध्ये नाकातला रेडिएटर हलवून दाखवला तो १९७०च्या लोटस ७२ने. कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी तो दोन भागांत करून चालकाच्या दोन्ही कुशींना नेला. नाक पाचरीसारखं निमुळतं झालं आणि चालकाच्या पायांची शेकोटीही संपली. सात-आठ वर्षांनी ब्रॅबहॅमच्या गॉर्डन मरे यांनी रेडिएटरच काढून टाकून अंगावर सपाट थंडावा-पट्ट्या लावून पाहिल्या. ते जमलं नाही. मग त्यांनी रेडिएटर इंजिनावर आडवा ठेवला आणि मागे मोठा पंखा बसवला. पंखा थंडाव्यासाठी आहे, असं नियमावलीपुरतं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात तो गाडीखालची हवा शोषून तिला रस्त्याला चिकटवत होता. १९७८च्या जूनमध्ये स्वीडनमध्ये निकी लाउडा त्या गाडीतून अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने जिंकले. ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही.

रस्त्यावरच्या सुपरकार या बाबतीत बराच काळ चाचपडत होत्या. १९७१च्या जिनिव्हा प्रदर्शनातल्या लॅम्बोर्गिनी काउंटाशच्या नमुन्याला कुशीत नाजूक कल्ले होते. चाचणीत इंजिन तापू लागलं आणि विकायला आलेल्या गाडीवर मोठाले हवाई खोके आले. फेरारीच्या ५१२ बीबीमध्ये रेडिएटर पुढे, इंजिन मागे आणि गरम पाण्याचे नळ मधून, त्यामुळे आत बसणारे शिजून निघत. १९८४च्या टेस्टारोसाने रेडिएटर मागच्या कुशींत नेले. तिच्या दारांवरच्या प्रसिद्ध पट्ट्या त्या हवेच्या तोंडावर आहेत.

माझी आवडती युक्ती मात्र कारखान्यातली नाही, जपानी गॅरेजांतली आहे. माझ्दा आरएक्स-७ची १९९१मध्ये आलेली पिढी : जेमतेम १.३ लिटरचं रोटरी इंजिन, दोन टर्बो आणि भट्टीसारखी उष्णता. ताकद वाढवायची तर मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा गार करणारी जाळी हवी. तो रेडिएटरच्या पुढे लावला की रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. म्हणून दोघांना आडव्या ‘व्ही’सारखं बसवतात : उघडं तोंड पुढे, वर इंटरकूलर, खाली रेडिएटर. आलेली ताजी हवा दुभंगते, प्रत्येकाला आपला वाटा मिळतो. पण बॉनेटला भोक पाडून वरच्या हवेला वाट दिली नाही तर अर्धी मेहनत वाया. ते भोकही पुढच्या भागात हवं, कारण विंडस्क्रीनच्या पायथ्याशी धावत्या गाडीत हवेचा दाब चढा असतो. बॉनेटची मागची कड वॉशर लावून उचलणारे हौशी लोक वेगात असताना हवा बाहेर काढण्याऐवजी आत घेत असतात.

२०२२च्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसमध्ये या विचाराने टोक गाठलं. कोपऱ्यांतले धरून आधीचे तीन रेडिएटर काढून नाकात मधोमध एकच मोठा, कललेला बसवला. त्यापायी पुढची सामानाची डिकी गेली. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यांत हलणाऱ्या पाकळ्या आल्या आणि एकूण मांडणीने ताशी २०० किलोमीटरला ४०९ किलोचा दाब रस्त्यावर टाकला. मला यात सर्वांत आवडतात ती छपरावरची बारीक पाती. बॉनेटच्या नाकपुड्यांतून निघालेली गरम हवा ती बाजूला ढकलतात, कारण इंजिन मागे आहे आणि त्याला श्वास गार हवेचाच हवा.

आपल्याकडे या साऱ्या हिशेबात उन्हाची भर पडते. कूलंट १०० अंशांवर आणि बाहेर २० अंश असतील तर फरक ८०चा. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांना तो ५५वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास एक तृतीयांश कमी काम करतो. विजेवरच्या गाड्यांत उष्णता कमी निघते, पण मोटर आणि इन्व्हर्टरचं कूलंट ६० अंशांच्या आसपास ठेवायचं तर उन्हाळ्यात हाती फरक उरतो जेमतेम १५ अंशांचा आणि बॅटरीला तेवढंही चालत नाही. त्यामुळे इंजिन गेलं तरी रेडिएटर, त्याचा कल आणि त्यामागची वाट हे सगळं विजेच्या गाडीतही नव्याने मोजावं लागतं आहे.