गोठलेली जमीन घर का उचलते?

पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, हे आपण वर्गात शिकवतो. कॅनडा, स्वीडनसारख्या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते आणि इमारतींचे पाये वर उचलले जातात. त्याचेही कारण हेच असावे, असे सहज वाटते. थोडे गणित करून पाहू. समजा, 1 मीटर जाडीचा मातीचा थर गोठला आणि त्यात आकारमानाने 40 टक्के पाणी होते. 40 सेंटीमीटरचे 9 टक्के म्हणजे 3.6 सेंटीमीटर. प्रत्यक्षात जमीन कधीकधी 10 ते 20 सेंटीमीटर वर येते. मग उरलेली वाढ कोठून आली?

अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी 1929-30 मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन वापरले. बेंझीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे मुख्य कारण प्रसरण नव्हे.

मातीच्या कणांभोवती पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. तो शून्य अंशाखालीही द्रवरूप राहतो. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे तसे खालचे पाणी या वाटेने गोठणाऱ्या भागाकडे ओढले जाते. तेथे बर्फाच्या आडव्या चकत्या तयार होतात, जाड होत जातात आणि वरची जमीन उचलतात. जाड वाळूत ही ओढ फार कमी असते. चिकणमातीत ओढ असते, पण पाणी फार सावकाश सरकते. सर्वांत धोक्याची ती या दोहोंमधली, गाळाची बारीक माती.

उचल सर्वत्र सारखी नसते, म्हणून भिंतींना तडे जातात. वसंतात बर्फ वरून वितळू लागते. खालचा थर अजून गोठलेलाच असल्याने पाणी मुरत नाही, चिखल होतो आणि पाया खचतो. म्हणूनच तेथे पाया जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली नेतात, बारीक मातीच्या जागी खडी भरतात आणि पाण्याचा निचरा करतात.

काँक्रीटच्या पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात, तेथे मात्र 9 टक्क्यांचे प्रसरण महत्त्वाचे ठरते. छिद्रांत पाणी भरलेले असेल, तर वाढत्या बर्फाला जागा उरत नाही. अडलेल्या पाण्याचा दाब काँक्रीट फोडतो. यावर उपाय म्हणून काँक्रीट कालवतानाच त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे तयार करतात. दाबलेल्या पाण्याला तेथे जागा मिळते.

वरचे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. ओळखीचे कारण खरे असूनही अपुरे असू शकते, हे आकडेच त्यांना दाखवतील.