विश्लेषण : पेणच्या लॅपटॉपवर चालणारी ‘बिल्ड’ रोह्यात का अडते?

अंतिम वर्षाच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या गटांमध्ये ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य एकदा तरी ऐकू येतेच. कोड तोच, फाइली त्याच. तरी एका लॅपटॉपवर ॲप तयार होते आणि दुसऱ्यावर लाल अक्षरांत त्रुटी झळकते. अनेकदा दोष ॲपच्या कोडमध्ये नसतोच. ॲप तयार करणारी बिल्ड सिस्टिम मध्येच पायथन किंवा नोडसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक मारते आणि ती हाक प्रत्येक संगणकावर वेगळ्या पद्धतीने ऐकली जाते. ही हाक कुठे चुकते आणि ती सगळीकडे सारखी पोहोचावी यासाठी काय करावे, याचा हा आढावा.

बिल्ड सिस्टिम आणि रनटाइम म्हणजे काय?

लिहिलेल्या कोडपासून वापरता येईल असे ॲप बनवण्यासाठी अनेक कामे ठरलेल्या क्रमाने करावी लागतात. हा क्रम सांभाळते ती बिल्ड सिस्टिम. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलेले ‘मेक’ हे तिचे जुने आणि आजही वापरात असलेले रूप. अँड्रॉइडसाठी ‘ग्रेडल’, सी आणि सी++ साठी ‘सीमेक’ अशी नंतरची साधने आहेत. स्क्रिप्ट मात्र स्वतःहून चालत नाही. ती वाचून अमलात आणणारा प्रोग्रॅम लागतो, तो रनटाइम. पायथनची स्क्रिप्ट पायथन चालवतो, जावास्क्रिप्ट नोड चालवतो.

समजा, पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यासाठी ऑर्डर नोंदवणारे ॲप बनते आहे. गटातील एक विद्यार्थी पेणचा, त्याच्याकडे विंडोज. दुसरी विद्यार्थिनी रोह्याची, तिच्याकडे उबुंटू लिनक्स. ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये आहे. त्याची रिलीज आवृत्ती बनवताना ग्रेडल नोडला हाक मारते. त्याशिवाय मूर्तींची नावे आणि दर मराठीत लिहिलेल्या फाइलमधून उचलायला गटाने पायथनची छोटी स्क्रिप्ट जोडली आहे. म्हणजे एका बिल्डमध्ये दोन रनटाइम आणि त्या दोन वेगळ्या प्रणालींवर चालवायच्या.

नाव एक, पत्ते अनेक

बिल्ड फाइलमध्ये बहुधा नुसते ‘पायथन’ असे नाव लिहिलेले असते. संगणक मग ‘पाथ’ नावाच्या यादीतील फोल्डर एकामागून एक तपासतो आणि त्या नावाची जी फाइल आधी सापडेल ती चालवतो. ती योग्य आवृत्ती आहे का, हे तो पाहत नाही.

पायथनच्या बाबतीत तर नावाचाच घोळ आहे. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदत होत्या त्या काळात लिनक्सवर नव्या आवृत्तीला ‘पायथन३’ हे नाव मिळाले. उबुंटू २०.०४ पासून नुसते ‘पायथन’ हे नाव मूळ संचात नसते. हवे असेल तर वेगळे पॅकेज घ्यावे लागते. ॲपलने मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २ काढून टाकले. विंडोजवर याच्या उलट स्थिती आहे. तिथल्या नेहमीच्या इन्स्टॉलरमधून ‘पायथन’ मिळते, ‘पायथन३’ नाही. ‘पीवाय’ नावाचा एक लाँचरही येतो, तो फक्त विंडोजवर. शिवाय विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून पायथन बसवलेले नसताना ‘पायथन’ टाइप केले, की थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते.

त्यामुळे पेणला चालणारी बिल्ड रोह्यात ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबते. रोह्यात नाव बदलून ‘पायथन३’ केले, की तीच बिल्ड पेणला बंद पडते.

विंडोजवर आणखी काय वेगळे?

नोडसोबत येणारे ‘एनपीएम’ विंडोजवर ‘.ईएक्सई’ नसून ‘.सीएमडी’ प्रकारची फाइल असते. टर्मिनलमध्ये हे जाणवत नाही, कारण विस्तार शोधण्याचे काम टर्मिनल करून देते. बिल्ड सिस्टिमने थेट हाक मारली, की विंडोज फक्त ‘.ईएक्सई’ शोधते आणि समोर असलेले एनपीएम तिला ‘सापडत नाही’. म्हणूनच रिॲक्ट नेटिव्हचे ग्रेडल प्लगइन विंडोजवर आज्ञेच्या आधी ‘सीएमडी’ जोडते.

दुसरी अडचण मोकळ्या जागेची. विंडोजवर वापरकर्त्याचे नाव अनेकदा नाव-आडनाव असे असते आणि तेच फोल्डरला लागते. मधल्या मोकळ्या जागेमुळे पत्त्याचे दोन तुकडे होतात आणि अर्ध्या पत्त्यावर फाइल मिळत नाही.

तिसरी अडचण मराठीची. लिनक्सवर पायथन फाइल यूटीएफ-८ समजून वाचते. इंग्रजी विंडोजवर आजवरच्या बहुतेक आवृत्त्या जुनी १२५२ क्रमांकाची अक्षरसारणी गृहीत धरतात. त्यात देवनागरी नाही. मग मूर्तींची नावे अगम्य चिन्हांत दिसतात किंवा ‘चार्मॅप’ची त्रुटी येते. फाइल उघडताना ‘यूटीएफ-८’ स्पष्ट लिहिणे हा साधा उपाय. पायथन ३.१५ पासून हीच पद्धत सगळीकडे मूळ धरण्याचे भाषेच्या चमूने ठरवले आहे.

लिनक्स आणि मॅकवर सगळे सुरळीत असते का?

नाही. तिथल्या अडचणी वेगळ्या. विंडोजवर ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची असते, लिनक्सवर एका चिन्हाची. लिनक्सवर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत रनटाइमचे नाव असते. विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये त्या नावाला न दिसणारे जादा चिन्ह चिकटते. नाव डोळ्यांना बरोबर दिसते, पण संगणकाला ते सापडत नाही. तसेच लिनक्सवर फाइल ‘चालवण्याची परवानगी’ वेगळी द्यावी लागते. विंडोजवर तयार केलेली ‘ग्रेडल रॅपर’ची फाइल ती परवानगी न घेताच गिटमध्ये जाऊ शकते आणि सर्व्हरवर ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येतो.

मॅकवर एक्सकोडसारखे आयकॉनवरून उघडलेले ॲप टर्मिनलची पाथ यादी वाचत नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये दिसणारा नोड एक्सकोडला दिसत नाही. रिॲक्ट नेटिव्हने ०.६९ आवृत्तीपासून यासाठी एक स्वतंत्र फाइल दिली, जिच्यात नोडचा पत्ता लिहून ठेवता येतो.

यात सुरक्षेचा प्रश्न कुठे येतो?

विंडोज नव्या प्रोग्रॅमला सगळी माहिती एकाच लांब ओळीत देते आणि ती ओळ तोडण्याचे काम त्या प्रोग्रॅमवर सोपवते. ‘.बॅट’ आणि ‘.सीएमडी’ फाइली ती वेगळ्या नियमांनी तोडतात. या फरकाचा फायदा घेऊन भलतीच आज्ञा चालवता येते, हे एप्रिल २०२४ मध्ये ‘बॅटबॅडबट’ या नावाने उघड झाले. ९ एप्रिलला रस्ट भाषेने १.७७.२ आवृत्तीत दुरुस्ती दिली. त्रुटीची तीव्रता १० पैकी १० धरली गेली. दुसऱ्या दिवशी नोडनेही बदल केला आणि अशा फाइली थेट सुरू करणे बंद केले. काही जुन्या बिल्ड त्यामुळे अडल्या. मूर्ती नोंदवणाऱ्या ग्राहकाचे नाव अशा आज्ञेत जसेच्या तसे जोडले जात असेल, तर हा धोका फक्त प्रयोगशाळेतला राहत नाही.

रोह्याची हद्द काय सांगते?

याचे चांगले उदाहरण गटाच्या घराजवळच आहे. पनवेल-पेण मार्गाने येणारी मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. संस्था दोन, कारभार वेगळा. तरी गोव्याकडे जाणारी गाडी रोह्याला अडत नाही, कारण रुळांमधील अंतर दोन्हीकडे १,६७६ मिलिमीटरच आहे आणि गाडी पुढे कशी सोपवायची हे आधीच ठरलेले आहे. बिल्डचेही तसेच. दोन प्रणाली एकसारख्या करता येत नाहीत. हद्दीवर काय पाळायचे ते मात्र लिहून ठेवता येते.

काय लिहून ठेवावे?

• रनटाइम एकदाच शोधावा, त्याची आवृत्ती तपासावी आणि पुढे सर्वत्र तोच पूर्ण पत्ता वापरावा. सीमेकमध्ये ३.१२ पासून यासाठी तयार सोय आहे.

• पायथनमधून दुसरी पायथन स्क्रिप्ट सुरू करताना नाव लिहू नये. सध्या चालू असलेल्या पायथनचा पत्ता ‘सिस.एक्झिक्युटेबल’मध्ये मिळतो.

• आज्ञा एका ओळीत जोडून देऊ नये. प्रोग्रॅम आणि प्रत्येक माहिती यादीतील वेगळा घटक म्हणून द्यावी. मोकळ्या जागेचा प्रश्न बहुतांशी इथेच मिटतो.

• ओळीच्या शेवटची खूण कोणती, हे ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये ठरवावे.

• रनटाइम मिळाला नाही तर बिल्डने सुरुवातीलाच थांबावे आणि कुठे शोधले, कोणती आवृत्ती हवी, हे स्पष्ट सांगावे.

बिल्डनेच रनटाइम आणावा का?

हाही मार्ग आहे. ग्रेडलचे नोड प्लगइन ठरलेली आवृत्ती स्वतः डाउनलोड करू शकते. सगळ्यांकडे तीच आवृत्ती येते, पण त्यासाठी डेटा खर्च होतो. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तो जाणवतो आणि इंटरनेट नसताना पहिली बिल्ड होत नाही. विंडोजमध्येच लिनक्स चालवणारे ‘डब्ल्यूएसएल’ सोयीचे वाटते. मात्र त्यात विंडोजची पाथ यादीही मागून जोडली जाते आणि लिनक्समधून चुकून विंडोजचेच एनपीएम सुरू होऊ शकते.

गिटहब ॲक्शन्सवर विंडोज, उबुंटू आणि मॅक या तिन्हींवर बिल्ड चालवून पाहता येते. सार्वजनिक प्रकल्पांसाठी ही सोय मोफत आहे. चूक सादरीकरणाच्या दिवशी समजण्याऐवजी त्याच संध्याकाळी समजते. ॲप कारखानदाराच्या हातात द्यायचे असेल तर हे अधिकच महत्त्वाचे. ऐन हंगामात दरपत्रक बदलले, तेव्हा नवी आवृत्ती त्याच दिवशी निघायला हवी. आणि ती काढायला गटातला कोणताही एक लॅपटॉप पुरेसा असायला हवा.