रग्बी : कबड्डीच्या पोट्ट्यांना जमेल, पण आधी हे वाचा

जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ उतरले, त्यात नागपूरचा नव्हता. पण मोबाईलवर सामने पाहून गावातले पोट्टे विचारतात, हा खेळ आहे तरी कसा?

२०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या प्रकारात दोन्हीकडे सात-सात खेळाडू, ७ मिनिटांचे दोन डाव. अंडाकृती चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की ५ गुण. नंतर लाथ मारून तो खांबांमधून, आडव्या दांडीवरून घातला, की आणखी २.

गोम एकच. चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा.

चेंडूवाल्याला धरून पाडता येतं. इथं कबड्डीतली पकड कामी येते. मात्र खांद्याच्या वर हात घातला तर शिक्षा.

म्हणून मुरमाच्या मैदानावर पाडापाडी नको. सुरुवात टच रग्बीनं करा, त्यात नुसता हात लावायचा असतो. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी आली, तर पोराला लगेच बाहेर काढा आणि डॉक्टरला दाखवा. 'काही नाही होत' म्हणून त्याच दिवशी परत उतरवू नका. सामना पुन्हा होईल.