वाळवंटातले पाच ऋतू

"अरे, तिथे झाडं तरी आहेत का?" आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सला घर घेतलं तेव्हा आईने चिपळूणहून फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. तिचं काही चुकत नव्हतं. २००३ साली एम.एस. करायला मी टूसॉनला उतरलो, तेव्हा विमानाच्या खिडकीतून खाली बघून माझ्याही पोटात गोळा आला होता. तपकिरी डोंगर आणि त्यांवर ठोकल्यासारखे उभे हिरवे खांब! चिपळूणला आषाढातल्या एखाद्या मुसळधार दिवशी पडतं तेवढं पाणी फिनिक्सला अख्ख्या वर्षात पडतं, सात-आठ इंच. निसर्ग म्हणजे सुट्टीत विमानाने जाऊन बघायची वस्तू, अशीच माझी कित्येक वर्षं समजूत होती. आपल्यातल्या बऱ्याच मंडळींची अजूनही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या सोनोरन वाळवंटाचे जाणकार इथे चार नाही, पाच ऋतू मोजतात. उन्हाळे दोन: आधी कोरडा, मग पावसाळी. पाऊसही दोन प्रकारचा. हिवाळ्यात पॅसिफिककडून येणारा हलका, रिपरिप. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगांच्या गडगडाटासह, आधी धुळीचा डोंगर अंगावर घालत येणारा. या दुसऱ्याला इथले लोक चक्क 'मॉन्सून' म्हणतात. पूर्वी हवेतला दमटपणा सलग तीन दिवस ठरावीक आकड्यावर राहिला की मॉन्सून लागला असं धरायचे. २००८ पासून तारखाच ठरवून टाकल्या, १५ जून ते ३० सप्टेंबर. आमच्यासारख्या इंजिनिअरांना हे फार पटतं. पावसाला पटतं की नाही, ते पुढे येईलच.

आई २०२३ च्या मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी आली. आल्या आल्या तिला संत्र्याच्या मोहराचा वास आला. आमच्या भागात जुनी झाडं आहेत, मार्चमध्ये रस्ताभर घमघमाट असतो. त्या हिवाळ्यात पाऊस बरा झाला होता, म्हणून शनिवारी तिला पिकाचो पीकला नेलं. डोंगराचा उतार केशरी-पिवळ्या पॉपींनी भरलेला. "आपल्याकडे भाद्रपदात सड्यावर असं फुलतं," ती म्हणाली. माझ्या मनात वीस वर्षांत ही तुलना आली नव्हती.

एप्रिलमध्ये पालो व्हेर्दे पिवळा झाला. या झाडाची पानं इवलीशी, आणि दुष्काळात तीही गळतात. पण बुंधा आणि फांद्याच हिरव्या, त्यामुळे अन्न बनवायचं काम साल करते. अंगणात तुरेवाल्या क्वेल पक्ष्याची मादी डझनभर पिल्लांची रांग घेऊन फिरायला लागली आणि आईचा सकाळचा चहा खिडकीपाशी हलला.

पण तिचा खरा जीव जडला तो आमच्या कोपऱ्यावरच्या सवारोवर. (स्पेलिंगमध्ये 'जी' असला तरी म्हणायचं 'सवारो'.) वर म्हटलेले हिरवे खांब ते हेच. निवडुंगच, पण दुमजली घराएवढा, पाच हातांचा. पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात असं सांगितल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांची आमची आई म्हणाली, "म्हणजे माझ्याहून मोठा दिसतोय." तेव्हापासून तो 'आजोबा' झाला. मेमध्ये आजोबांच्या डोक्यावर पांढरी फुलं आली. रात्री उमलायची, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटायची. जूनमध्ये फळं तडकली. आतला लाल गर बघून आईला वाटलं, आता लाल फुलं आली!

इथले मूळ रहिवासी तोहोनो ओऑडम लोक ही फळं सवारोच्याच वाळलेल्या लांब काठ्यांनी पाडतात. त्यांच्या रसाची दारू करून पावसाला बोलावण्याचा विधी करतात, आणि त्यांचं नवं वर्ष इथूनच धरतात. "मग बरोबर आहे," आई म्हणाली, "आपल्याकडे मृगच नाही का लागत!"

मृग लागला, पण पाऊस आला नाही. ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० अंशांच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर. रात्रीही नव्वदीखाली उतरेना. सवारो हा रात्रपाळीचा कामगार. दिवसा पाणी उडू नये म्हणून तो सालीवरची रंध्रं मिटून बसतो आणि रात्रीच्या गारव्यात श्वास घेतो. गारवाच नसेल तर त्याने काय करावं? त्या उन्हाळ्यात फिनिक्समधले कितीतरी सवारो कोसळले. ऑगस्टमध्ये एका पहाटे आमचे आजोबाही आडवे झालेले दिसले. आई खाली वाकली, काटे चुकवून दोन बोटं सालीला लावली आणि काही न बोलता घरी आली. त्या दिवशी खिडकीपाशी चहा झाला नाही.

तिची परतीची तारीख जवळ आली. "सगळं दाखवलंस, पाऊस तेवढा राहिला," म्हणाली. मग आदल्या संध्याकाळी तिला साऊथ माउंटन पार्कात नेलं. तिथे क्रिओसोटची झुडपं आहेत. दिसायला अगदी सामान्य, बारीक चिकट पानांची. पाऊस पडला की त्यांचा वास गावभर पसरतो. पाऊस नसला तर एक युक्ती आहे: डहाळी ओंजळीत धरायची, तिच्यावर तोंडाने वाफ सोडायची आणि लगेच हुंगायची. आईने तसं केलं. पुन्हा केलं. मग माझ्या चिरंजीवांना करायला लावलं. "आपल्यासारखा मातीचा नाही," ती म्हणाली, "पाल्याचा आहे. पण पाऊसच आहे." झुडपापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो.

ऑक्टोबरात खिडक्या उघडल्या. हा आमचा पाचवा, सगळ्यांत आखूड आणि लाडका ऋतू. दिवाळीच्या पणत्या इथे अंगणातच लावायच्या. त्याच सुमारास आम्ही नर्सरीतून मुठीएवढा सवारो आणून पालो व्हेर्देच्या सावलीत लावला. रानातही तो अशाच मोठ्या झाडाच्या आडोशाने जगतो. बी रुजल्यावर पहिल्या आठ वर्षांत हा गडी जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. पुढेही घाई नसतेच. त्याला पहिला हात फुटेल तेव्हा आमचे चिरंजीव नातवंडं खेळवत असतील.

आई दर रविवारी फोनवर विचारते, "केवढा झाला रे?"

"आहे तेवढाच," मी सांगतो.

"बरं. पाणी फार घालू नका."