ॲम्ब्युलन्सवर नोकरी: स्टेअरिंग येतं, पुढं काय?

हा मागच्या रविवारच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना मी बरंच भरकटलो होतो, ते काढून टाकलंय. दादाचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलंय, कारण ते शुद्ध मराठीत लिहिलं की त्यातला जीव जातो. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अकोल्यात ॲम्ब्युलन्स चालवतो, आता सहा गाड्यांवर देखरेखही त्याच्याकडेच आहे. नाव सांगायचं नाही या अटीवर तो बोलला.

आधी हे सांगतो की मी सॉफ्टवेअरवाला माणूस या विषयात आलोच कसा.

२०२३ च्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत इन्फेक्शन झालं आणि रात्री अकराला त्यांना अकोल्याहून नागपूरला हलवायचं ठरलं. दादा तेव्हा गावाकडे होता. मिळेल ती गाडी केली. आत एक पोरगा होता, वीस-एकवीसचा, गळ्यात स्टेथोस्कोप. बडनेरा मागे टाकून नांदगाव पेठच्या टोलनाक्याच्या अलीकडे आलो आणि ऑक्सिजनचा काटा लाल पट्ट्यात गेला. दुसरा सिलिंडर गाडीत होता, भरलेला. पण तो जोडायची चावी गाडीत नव्हती. ड्रायव्हरने ढाब्यावर उभ्या असलेल्या ट्रकवाल्याकडून पाना आणला. अकरा मिनिटं गेली. मी मोजली, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. बाबा आज ठीक आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. त्या पोराचा मला आता राग नाही. नंतर कळलं की तो कामावर लागून आठच दिवस झाले होते आणि त्याला काटा कसा वाचायचा हेसुद्धा कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात प्रश्न होता की या गाड्यांवर माणसं घेतात कशी?

दादाचं पहिलंच उत्तर: "घेत नाही रे भाऊ, सापडतात. मालकाले रात्री दोनले पोरगा पाह्यजे राहते. चौकात जो जागा असन, तो लागला कामावर."

अमरावतीत इर्विन चौकात किंवा अकोल्यात सर्वोपचारच्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या बऱ्याच एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या. इथं अर्ज नसतो, मुलाखत नसते, ओळख असते. पगाराऐवजी ट्रिपवर पैसे. हा सगळ्यात सोपा दरवाजा, पण आत गेल्यावर पुढं जिना नाही. दहा वर्षांनंतरही तुम्ही ट्रिपवरच. शिवाय दुसरी कटकट अशी की, पेशंट अमुक हॉस्पिटललाच न्या म्हणजे तुमचा कट पक्का, असं सांगणारे भेटतात. दादा म्हणतो, त्या पैशाची सवय लागलेला पोरगा चांगल्या कंपनीत टिकत नाही, कारण तिथं गाडी कुठं वळली हे जीपीएसवर दिसतं.

दुसरा दरवाजा हॉस्पिटलची स्वतःची गाडी. तिसरा १०८. आणि चौथा नागपूर, पुणे, मुंबईतल्या खासगी कंपन्या.

१०८ बद्दल एक गैरसमज आधी काढतो. गाडीवर सरकारचं नाव असतं, म्हणून लोकांना वाटतं ही सरकारी नोकरी. तसं नाही. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी. त्यात २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. पैसा सरकारचा, चालवायला करारावर खासगी कंपनी, सुरुवातीला बीव्हीजी. तुमचं नेमणूकपत्र कंपनीचं असतं. म्हणून सही करण्याआधी पत्रावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा, मूळ कंपनीचं की मधल्या ठेकेदाराचं. करार एकाकडून दुसऱ्याकडे गेला की "आधीची सर्व्हिस धरणार का" हा प्रश्न येतो आणि तेव्हा तोंडी शब्दाला काही किंमत नसते.

१०८ मधली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. २००५ साली हैदराबादहून सुरू झालेली ईएमआरआयची १०८ जिथं जिथं गेली, तिथं गाडीत पेशंटजवळ बसतो तो ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. महाराष्ट्राने वेगळा रस्ता घेतला. आपल्याकडे १०८ मध्ये डॉक्टर बसतो, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला. पेशंटसाठी हे चांगलंच आहे. पण बारावी करून ईएमटीचा कोर्स करणाऱ्या आपल्या पोरांसाठी त्याचा अर्थ असा की राज्यातली सगळ्यात मोठी ॲम्ब्युलन्स सेवा त्यांच्या कोर्सभोवती बांधलेलीच नाही. त्यांना जागा मिळते ती हॉस्पिटलच्या गाड्यांवर, कॅज्युअल्टीत, कारखान्यांच्या मेडिकल रूममध्ये आणि खासगी कंपन्यांत. "१०८ मध्ये पक्की नोकरी" असा बोर्ड लावून ईएमटीच्या ॲडमिशन घेणारा क्लास दिसला, तर आधी विचारा की मागच्या बॅचमधली किती पोरं लागली आणि कुठं.

कोर्सचा विषय निघालाच आहे तर २०२१ चा कायदा समजून घ्या. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट. त्यात 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल' म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारं किमान २००० तासांचं शिक्षण सांगितलंय, आणि त्याच्या वरच्या 'हेल्थकेअर प्रोफेशनल'साठी किमान ३६०० तासांचं. ॲम्ब्युलन्सवरच्या पॅरामेडिकचं काम या कायद्याच्या यादीत आहे. आता हिशेब करा. तीन महिन्यांचा कोर्स, रोज चार तास, महिन्याला पंचवीस दिवस. होतात ३००. म्हणजे तो कोर्स फुकट असं मी म्हणत नाही. हात बसायला, पहिली नोकरी मिळायला तो कामाचा आहे. पण त्यालाच डिप्लोमा समजून घरचं शेत गहाण टाकू नका. पुढं रजिस्ट्रेशन मागायला लागले की ३०० तासवाल्याची अडचण होणार.

ड्रायव्हरच्या कागदांचं सोपं आहे. ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वय किमान २० लागतं. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालते, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. तरी "बॅज आणा" म्हणणारे मालक आहेत. वाद घालत बसू नका, जमत असेल तर काढून ठेवा.

आता मुलाखत. या भागासाठी मी दादाला दोन वेळा फोन केला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता. आता तो स्वतः पोरं घेतो. मी विचारलं, तू काय विचारतो त्यांना?

"एकच विचारतो. छोटा सिलिंडर हाय, फुल्ल. पेशंटले दहा लिटरनं लागला हाय. अकोल्यावरून नागपूरले जायचं. निघू का नको?"

उत्तर बघा. छोटा म्हणजे बी टाइप, त्यात भरल्यावर साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर म्हणजे १५० मिनिटं. अडीच तास. अकोला ते नागपूर अंदाजे अडीचशे किलोमीटर, रात्रीचे साडेचार तास धरा, म्हणजे २७० मिनिटं, २७०० लिटर. छोट्यावर निघालात तर अमरावती ओलांडल्यावर कुठंतरी संपणार. बाबांचा कुठं संपला ते वर सांगितलंच. जम्बो, म्हणजे डी टाइप, त्यात सुमारे ७००० लिटर. तो भरलेला असेल तर निघा, आणि छोटा राखीव ठेवा. काटा अर्ध्यावर असेल तर लिटरही अर्धेच धरा. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. चांगल्या रस्त्याने वीस मिनिटं वाचतील. पण १५०० ला १० ने भागलं की १५०च येतात.

दादा म्हणतो, दहा पोरांतले सात "निघू साहेब, मी फास्ट नेतो" म्हणतात. त्यांना तो घेत नाही. एक पोरगा म्हणाला, "माहीत नाही, पण काटा पाहू द्या आणि चावी कुठं आहे ते सांगा." त्याला लगेच घेतलं. बाबांची रात्र दादाला माहीत आहे, त्यामुळे चावीचं नाव निघाल्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता तशीच आहे.

'फास्ट'बद्दल त्याचं मत कडक आहे. सायरन ऐकून वाट दिली नाही तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण म्हणून रस्ता आपल्या बापाचा होत नाही. धारणीहून सेमाडोहच्या घाटाने अमरावतीला येताना मागे बाळंतीण असेल तर प्रत्येक वळण तिच्या पोटात लागतं. मागे बसलेल्याला उभं राहून सलाइन धरता आलं पाहिजे, अशी गाडी चालवणारा तो चांगला ड्रायव्हर. कंपन्या याला पायलट म्हणतात. नाव मोठं, पण पगाराची चिठ्ठी बघून घ्या.

चिठ्ठीवर काय बघायचं? जिथं २० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पीएफ लागतो, जिथं १० किंवा जास्त तिथं ईएसआय, महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना. यूएएन नंबर मागा आणि दर महिन्याला पासबुकात पैसे पडले का ते मोबाइलवर बघा. पगारातून कापलेले पण खात्यात न पडलेले पैसे तीन वर्षांनी शोधणं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधला बग शोधणं. कागद सापडत नाहीत आणि जो सांगू शकला असता तो नोकरी सोडून गेलेला असतो. ड्युटी बारा तासांची असेल तर ओव्हरटाइम कसा मोजणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. वाईट वाटून घेऊ नका, विचारा.

वर कसं चढायचं, हा ऐकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. दादाचा प्रवास सांगतो, तो नमुना समजा, नियम नाही. पाच वर्षं चौकात ट्रिपवर. मग एका हॉस्पिटलच्या गाडीवर. तिथल्या कॅज्युअल्टीच्या सिस्टरने त्याला एक दिवसाचा बीएलएस कोर्स करायला लावला, अमेरिकन हार्ट असोसिएशनचा. त्याचं कार्ड दोन वर्षं चालतं, मग परत करावा लागतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली. त्यानंतर त्याने एक साधी वही सुरू केली: तारीख, कुठून कुठं, निघताना काटा किती, पोहोचल्यावर किती, पेशंट कोणाच्या ताब्यात दिला. पेशंटचं नाव नाही. कंपनीत मुलाखतीला गेला तेव्हा बायोडाटा नव्हता, ही वहीच ठेवली टेबलावर. चार वर्षांची. ते बघून त्याला सुपरवायझर म्हणून घेतलं.

मी असता तर मस्त पीडीएफ केली असती. त्याची वही भारी पडली.

चढायची अजून एक वाट आहे, आणि ती गाडीत नाही, फोनवर आहे. हैदराबादला २०१६ मध्ये स्टॅनप्लस नावाने सुरू झालेली कंपनी, मुंबईची १२९८ वाली झिकित्झा, या कंपन्यांत गाडी पाठवणारा माणूस, म्हणजे डिस्पॅचर, कणा असतो. जानेवारी २०२५ मध्ये ब्लिंकिटनेही गुरुग्रामला दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्स सुरू केली. स्क्रीनवर गाडी 'रिकामी' दिसते, पण ड्रायव्हर ती अजून धुतोय हे सॉफ्टवेअरला कळत नाही. गाडीवर काम केलेल्या डिस्पॅचरला कळतं. पाठ गेलेले, रात्रीची ड्युटी न झेपणारे ड्रायव्हर आणि ईएमटी इथं चांगले बसतात. मराठी, हिंदी, वऱ्हाडी समजणं हीसुद्धा इथं पात्रता आहे. "मायच्या छातीत कसंतरीच होऊन रायलं" हे ऐकून कोणती गाडी पाठवायची ते ठरवावं लागतं. त्यासाठी गाड्यांचे चार प्रकार माहीत हवेत, एआयएस-१२५ या मानकातले: ए म्हणजे नुसता मदतनीस पोहोचवणारी, बी पेशंट ने-आण करणारी, सी बेसिक, डी ॲडव्हान्स. नोकरीला जाल तेव्हाही विचारा की गाडी कोणत्या टाइपची. बी टाइपवर तीन वर्षं काढली आणि डी टाइपचा अनुभव सांगितला, तर पहिल्या व्हेंटिलेटरच्या पेशंटला पितळ उघडं पडतं.

शेवटी दादाला विचारलं की तुझ्या पोराला या लाइनमध्ये आणशील का. तो म्हणाला, "आणीन. पण चौकातून नाही. दोन वर्षं शिकून येऊ दे मंग." एवढ्यात त्याला दुसरा फोन आला, मूर्तिजापूरवरून ट्रिप. "ठेवतो," म्हणाला, आणि फोन कट होता होता मागे त्याचा आवाज ऐकू आला, "अबे, चावी पाह्यली का?"