हात बघून शिकायचं

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, डार्विनहून पूर्वेला काकाडूचं रान ओलांडलं की ईस्ट अ‍ॅलिगेटर नदी लागते. मगरींनी भरलेल्या या नदीपलीकडे अर्नहेम लँड; तिथे पाऊल ठेवायला परवाना लागतो. पलीकडच्या गनबलान्या गावात इंजालाक कलाकेंद्राच्या आवारात कुनविंजकु बोलणाऱ्या बाया सावली धरून टोपल्या विणत बसलेल्या असतात.

विणायचं ते पॅन्डनसच्या पातीने. आपल्या केवड्याचा हा भाऊबंद, काटेही तसेच. शेंड्यातली कोवळी पाती आकडीने ओढून काढायची, कडेचे काटे सोलायचे आणि पात उभी चिरून तिचे पदर सुटे करायचे. माझ्यासमोरच्या आजीबाईंनी ते बोलता बोलता उरकलं. शेजारी आठ-नऊ वर्षांची नात. तिने काही विचारलं नाही, आजीनेही ‘असं धर’ म्हटलं नाही. पोरगी नुसती हातांकडे बघत होती. पाटीवर गिरवून वाढलेल्या माझ्यासारख्याला ती शांतता जरा अवघडच वाटली. बऱ्याच वेळाने पोरीने आपणहून एक पात उचलली. ती मधेच फाटली. आजीने मान वर केली नाही. पुढची पात सोलताना मात्र हात सावकाश चालवला, आणि नख रुतवायची जागा पोरीला दिसेल अशी वळवली. पोरीने दुसरी पात घेतली.

रंगही असाच शिकायचा. मुळं खणून पातींबरोबर उकळली की पिवळा उतरतो, राख घातली की लालसर. राख किती, ते हाताला कळतं. मुळांसाठी रानात जावं लागतं, आणि जाता जाता ती जमीन कोणत्या घराण्याची, हेही पदरात पडतं.

टायसन युंकापोर्टा या अ‍ॅबोरिजिनल अभ्यासकाने न्यू साउथ वेल्समधल्या शाळांसाठी अशा शिकण्याच्या आठ वाटा मांडल्या. गोष्ट सांगणं, न बोलता शिकणं, जमिनीशी नातं, आधी अख्खी वस्तू बघून मग तिचे भाग समजून घेणं, वगैरे. मांडणी चांगलीच आहे. पण त्या वाटांच्या आठ चिन्हांचं पोस्टर भिंतीला लावून तास पूर्वीसारखाच घेतला, तर भिंत तेवढी सजते.

खरी गरज शिकवणाऱ्या माणसांची आहे. गनबलान्या ज्या प्रांतात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून मुलांच्या भाषेत शिकवणाऱ्या द्विभाषिक शाळा निघाल्या, तेव्हा गावातली माणसं शिक्षक म्हणून वर्गात आली. २००८ मध्ये तिथल्या सरकारने रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवायचं फर्मान काढलं. सकाळी मुलं ताजीतवानी असतात. नेमके तेच तास गावच्या शिक्षकांकडून काढून घेणं चूकच होतं.