विश्लेषण : ट्रॅकवरच्या गाडीचे फेंडर का कापतात?

छोट्या स्पोर्ट्स कारच्या चारही चाकांवर काळ्या, फुगीर, स्क्रूने बसवलेल्या पट्ट्या दिसल्या की हौशी मालकाचा दिखावा वाटतो. अनेकदा तो दिखावाच असतो. मात्र सुट्टीच्या दिवशी रेस ट्रॅकवर पळवायच्या आणि एरवी रस्त्यावर वापरायच्या गाडीत या ‘फेंडर फ्लेअर’ला काम असते. ते काम नेमके काय आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते?

रुंद टायरने पकड का वाढते?

घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे शाळेत शिकवतात. रबराला हा नियम पुरता लागू पडत नाही. टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, थोडी कमीच पडते. वळणावर बाहेरच्या दोन चाकांवर भार एकवटतो, तेव्हा हा तोटा जास्त जाणवतो. रुंद टायरमध्ये रस्त्याला टेकलेला ठसा आखूड आणि आडवा होतो. वळणातला जोर तो अधिक चांगला पेलतो. शिवाय उष्णता जास्त रबरात विभागली जाते, त्यामुळे सलग फेऱ्या मारल्या तरी टायर लवकर ‘शिजत’ नाही.

मग फेंडर आड का येतो?

उदाहरण माझदा मियाटाचे घेऊ. १९८९ मध्ये आलेली ही जेमतेम टनभर वजनाची दोन आसनी गाडी अमेरिकेतील हौशी ट्रॅकचालकांची लाडकी आहे. तिचे मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ४५ मिमी ऑफसेटचे. रिमची मध्यरेषा आणि ते हबला टेकते ती जागा, यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. ट्रॅकसाठी आता सर्रास ९ इंच रुंद, ३६ मिमी ऑफसेटचे रिम बसवतात. हिशेब केला तर नवे रिम आतल्या बाजूला सुमारे ३५ मिमी आणि बाहेर सुमारे ५३ मिमी सरकते. आत सस्पेन्शन असल्याने तिकडे फार जाता येत नाही. उरते ती बाहेरची बाजू, आणि तिथे फेंडरची कड असते.

गाडी उभी असताना सगळे ठीक दिसते. फसगत इथेच होते. वेगात वळताना स्प्रिंग दबते, चाक वर जाते आणि कडेचा पत्रा टायर कापू लागतो. म्हणून जाणकार मेकॅनिक स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण वर उचलतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवतो आणि मगच अंतर मोजतो.

पत्रा कापणे किती जोखमीचे?

पहिला उपाय सौम्य असतो. कमानीची आतली कड गरम करून रोलरने आत दुमडायची. तेवढ्याने भागले नाही तर कापाकापी आणि वर फ्लेअर. पुढचा फेंडर बोल्टवर असतो. बिघडला तर बदलता येतो. मागचा मात्र बॉडीचाच भाग असतो आणि तिथे आतला व बाहेरचा पत्रा कडेला वेल्ड केलेला असतो. ती कड कापली की दोन पत्र्यांमध्ये फट उघडते. ती पुन्हा वेल्ड करून सील केली नाही, तर चिखल-पाणी आत जाते आणि फ्लेअरखाली गंज वाढत राहतो. वरून काही दिसत नाही. जुनी ट्रॅक कार विकत घेणाऱ्याने म्हणूनच चमकत्या फ्लेअरपेक्षा त्यामागची कड आधी तपासावी.

कारखान्यात हे काम अर्थातच नीट होते. १९८६ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम३ला फुगीर फेंडर मिळाले, तेही रेसिंगच्या रुंद चाकांसाठीच.

आणखी काय बदलते?

चाक बाहेर सरकल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो. खड्ड्यात किंवा ब्रेक लावताना स्टिअरिंगला हिसके बसतात. जड रिममुळे गाडी वेग घ्यायला आळसावते. पावसात तर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे तो पाण्यावर लवकर तरंगू लागतो. ट्रॅकसाठीच्या टायरवर खाचा आधीच कमी. कोरड्या ट्रॅकवर आत्मविश्वास देणारे तेच टायर परतीच्या पावसात धोक्याचे ठरतात.

भारतात चालते का?

जर्मनीत असे बदल तपासणी करून कागदपत्रांवर नोंदवून घेता येतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे चाके-फेंडर रुंद केलेली गाडी पुण्याहून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला न्यायची असेल, तर ती ट्रकवर चढवून नेलेली बरी.